दिव्यापुढे घेतलेली नावे

१५ एप्रिल १९६८, सोमवार

आलो एकदाचा नागपूरला. उमरेडहून छोट्या गाडीने इतवारीला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते, आणि ऊन असे की माझी सावलीसुद्धा पायाखाली दडून बसली होती. एक ट्रंक, एक वळकटी आणि जुन्या क्रमिक पुस्तकांचे गाठोडे, एवढाच संसार. एकसष्टाव्या वर्षी माणूस नव्या कामावर रुजू होतो आहे आणि मन मात्र शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखे टुणटुण उडते आहे!

काम अगदी माझ्या आवडीचे. सीताबर्डीवर श्रीधरपंतांचा छापखाना आहे. ते मुलांसाठी शब्दकोश काढताहेत, आणि एकेका निवृत्त शिक्षकाला त्यांनी एकेक विषय वाटून दिला आहे. कुणाला पाणी, कुणाला झाडे. माझ्या वाट्याला उजेड आला. दिवे, मशाली, किरणे, जे जे म्हणून उजळते त्याचे शब्द गोळा करायचे. एका शब्दाला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर शब्द, त्याचा अर्थ, आणि खाली आपले शाळेतले ते ‘वाक्यात उपयोग करा’. चौतीस वर्षे पोरांकडून दुसरे काय करून घेतले मी?

राहायची सोयही पंतांनीच लावली, आणि योग पाहा, घर गॅसबत्तीवाल्याचे! कामठी रोडला नत्थूजींचे दुकान आहे. लग्नाच्या वरातींना ते बत्त्या भाड्याने देतात. दुकानाच्या तुळईला ओळीने बत्त्या टांगलेल्या, बाभळीवर सुगरणीचे खोपे लोंबतात तशा. खाली दुकान, मागे त्यांचे घर, वर माझी खोली. खोलीत कौलाच्या फटीतून एक कवडसा पडतो आणि दुपारभर भिंतीवरून चालत जातो. रंभाबाईंनी, म्हणजे नत्थूजींच्या मंडळींनी, आल्या आल्या पन्ह्याचा गडवा पुढे केला. उमरेडचे लोक पाणी पितात की ऊनच पितात, असे त्यांनी विचारले. माझा चेहरा तसाच झाला असावा.

बायको, गोपिका, आज असती तर म्हणाली असती, अहो, आधी टोपी काढा.

१८ एप्रिल, गुरुवार

चार दिवसांत त्रेपन्न चिठ्ठ्या! असा घरधनी शब्दकोशवाल्याला मिळत नाही. नत्थूजींचे आजे टेंभे धरायचे, वडील मशाली धरायचे, आणि हे बत्त्यांवर आले. शब्द त्यांच्या तोंडातून असे पडतात, जशी पिकली बोरे. तुराट्यांची जुडी पेटवून रानातली वाट पाहतात ती चूड. काठीला चिंध्या गुंडाळून तेलात बुडवला तो टेंभा. देवापुढची, मुठीत मावणारी ती दिवटी. आणि दुसऱ्याला पेटवण्यापुरता जो जळतो तो पलिता. मी म्हटले, वा, हा पलिता म्हणजे आमच्या मास्तरकीचाच भाऊ झाला. नत्थूजी पोट हलवून हसले.

त्यांची मुलगी जया म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण आहे. चोवीस वर्षांची, तोंडाळ, हसरी. येत्या १० मेला तिचे लग्न आहे, वर्ध्याला दिली. शाळेतून आली की जिना चढून येते आणि माझ्या चिठ्ठ्या तपासते. अक्षर बरे आहे गुरुजी, पण र्‍हस्व-दीर्घ पाहा, असे मलाच म्हणते! संध्याकाळी समोर बसून जुन्या पुस्तकातल्या कविता मी चालीवर म्हणतो आणि ती पुढची ओळ घेते. शेवटच्या तासाला सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, खिडकीबाहेर चिंचेवर सूर्य उतरत असायचा… तसे वाटते.

संध्याकाळी विजेचा दिवा इथे फार मंद असतो. म्हणून नत्थूजींनी मला एक बत्ती दिली आहे, त्यांच्या वडिलांनी घेतलेली, घरातली सर्वांत जुनी. पंप मारला की ती आधी सुस्कारा टाकते, मग दीर्घ श्वास घेतल्यासारखी सूं करत राहते. तिच्यापुढे बसून मी वाक्ये लिहितो आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचतो. मोठ्याने वाचल्याशिवाय वाक्य सरळ आहे की लंगडे, ते कळत नाही.

आज जया वर आली असताना मी तिघांची नावे घालून तीन वाक्ये केली. ‘दिपणे’ला, ताराचंदचे डोळे दिपले. ताराचंद म्हणजे वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणारा नत्थूजींचा माणूस. ‘काजळणे’ला, रंभाबाईंचे हात काजळले. आणि ‘तेवणे’ला, जया समईसारखी तेवते. पोरगी लाजून पळाली.

थोड्या वेळाने नत्थूजी वर आले. बहुधा तिनेच सांगितले असावे. म्हणाले, “गुरुजी, जळत्या दिव्यापुढं मानसाचं नाव घेत नाईत आमच्यात. दिवा आयकून राह्यते.” वरातीतसुद्धा ते माणसांना पहिला, दुसरा, तिसरा असेच हाकारतात, नावाने कधी नाही. मला मोठी गंमत वाटली. हीसुद्धा टिपून ठेवतो म्हणालो. ते हसले नाहीत. तिन्ही चिठ्ठ्या उद्या बाकीच्यांबरोबर छापखान्यात जातील.

२३ एप्रिल, मंगळवार

वाईट झाले. काल संध्याकाळी इंदोऱ्याकडची वरात निघाली आणि शंभर पावलांवर ताराचंद बत्ती डोक्यावर घेऊन तसाच थांबला. मागचे वाजंत्रीवाले त्याच्यावर आदळले. बत्ती कुणीतरी झेलली म्हणून बरे. त्याला काही दिसेना. अंधार नाही म्हणे, सगळे पांढरे. सकाळी त्याला पाहून आलो. खाटेवर बसला होता, डोळे टक्क उघडे, पाणी वाहते आहे. मला म्हणाला, “कोनी बत्ती बाजूले करा ना गा.” खोलीत बत्ती नव्हती. डोळे मिटले तरी पांढरेच दिसते म्हणतो.

दवाखान्यात डॉक्टरांना डोळ्यात काही सापडले नाही. उन्हाने झाले म्हणाले. उन्हानेच झाले असणार. हे नागपूरचे ऊन!

आज फक्त दोन चिठ्ठ्या झाल्या.

२६ एप्रिल, शुक्रवार

रंभाबाई सकाळपासून मोरीपाशी हात घासताहेत. राख झाली, चिंच झाली, रॉकेल झाले. बत्त्यांची काजळी रोजचीच, त्यात काय, असे मी जिन्यावरून म्हणालो. त्यांनी हात वर करून दाखवले. मनगटापर्यंत काळे, आणि काळे कातडीवर नाही. आतून. नखांच्या खालूनसुद्धा.

लेकीच्या हळदीला आता मी कोन्या हातानं हळद लावू, असे त्या हसत हसत म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

वर येऊन बसलो. शेवटी उठून वही काढली, चिठ्ठ्यांची यादी पाहिली. दिपणे. काजळणे.

योगायोग. ज्याने जन्मभर पोरांना व्याकरण शिकवले त्याने असल्या गोष्टी—

पण तिसरे वाक्य. ते तर चांगले आहे. तेवणे म्हणजे शांतपणे, एकसारखे जळत राहणे. कौतुकच केले मी. यात वाईट ते काय आहे?

जळत राहणे. असा अर्थ मीच लिहिला.

२९ एप्रिल, सोमवार

जया छान दिसते आहे. सगळे तेच म्हणतात. लग्नाचे तेज चढले, बायका येऊन बोटे मोडून जातात. खरेच, उन्हामुळे सगळी दारे-खिडक्या लावून घर काळोखे केले असते, आणि ती आत आली की भांड्यांच्या कडा दिसू लागतात.

मी एकटाच घाबरलो आहे का?

रंभाबाईंनी सांगितले की चार दिवस पोरगी झोपलेली नाही. उताणी पडते, डोळे उघडे, हलत नाही, बोलावले तर गोड बोलते. भूक नाही. तेलकट तेवढे मागते. काल वाटीतले गोडेतेल नुसते प्याली.

आज तिने मला चहा दिला. बोट बोटाला लागले आणि मी कप टाकला. ती म्हणाली, “काय झालं गुरुजी, चहा गरम होता का?”

चहा नव्हता गरम.

१ मे, बुधवार

ती बारीक होते आहे. आजारी माणूस वाळतो तशी नाही. वातीसारखी, वरून खाली. परवापर्यंत चौकटीला तिचा अंबाडा लागायचा. आज चार बोटे अंतर होते. शिंपी चोळीचे माप घेऊन गेला होता, तो पुन्हा आला आणि माझीच फीत चुकली म्हणून गेला.

दुपारी ती माझ्या खोलीत आली. कविता म्हणा म्हणाली. मी सुरुवात केली, तिने पुढची ओळ घेतली, आणि तिच्याभोवती चिलटे आणि पाखरे जमू लागली. भर दुपारी. एक तिच्या गालावर बसले आणि चुर्र झाले. तिने ते बोटाने झटकले आणि पुढचे कडवे म्हटले.

मी कविता संपवू शकलो नाही.

२ मे, गुरुवार

चिठ्ठ्या परत आणल्या पाहिजेत. भर उन्हात सीताबर्डीला गेलो. श्रीधरपंत नव्हते. छपाईचे खिळे जुळवणाऱ्याने सांगितले की जुळवून झालेल्या चिठ्ठ्या रद्दीत, आणि रद्दी पुस्तकबांधणीचा सरस तापवायची शेगडी पेटवायला. मी गुडघ्यांवर बसून पोते उपसले. लोक बघत होते. दोन मिळाल्या, ताराचंदची आणि जयाची. रंभाबाईंची मिळाली नाही, कुठे असेल देव जाणे. जयाची चिठ्ठी शेगडीच्या शेजारी पडली होती. एक कोपरा पिवळा पडलेला.

ट्रंकेत ठेवावी तर वाळवी, खिशात ठेवावी तर घाम. धोतराच्या सोग्यात बांधली आहे.

दिवेलागणीला तीच बत्ती पेटवून तिच्यापुढे ताराचंदची चिठ्ठी फाडली. म्हटले, आधी एक करून पाहावे. सुटेल बिचारा.

३ मे, शुक्रवार

ताराचंदचे पांढरे गेले. काल दिवेलागणीला गेले.

आता काळे आहे. पुरते. त्याच्या बायकोने त्याच्या डोळ्यांजवळ काडी ओढून दाखवली. पापणी लवली नाही.

म्हणजे फाडल्याने सुटत नाही. विझते.

सोग्यातली चिठ्ठी फाटली तर— पाणी सांडले तर— मी काय करून ठेवले हे? कुणी सांगितले होते मला माणसांची नावे घालायला? राम पेढा खातो, असे लिहिले असते तर काय बिघडले असते?

बसून शब्द शोधतो आहे. जळणाऱ्याला परत माणूस करणारा शब्द. विझणे. मालवणे. शमणे. निवणे. शांत होणे. एकाही शब्दापुढे तिचे नाव लिहायची माझी छाती नाही.

आज ती माझ्या खांद्याला लागते.

४ मे, शनिवार

नत्थूजींना सगळे सांगितले. पायांवर डोके ठेवले. वाटले, मारतील. मारले असते तर बरे झाले असते.

ते बत्तीची राखेसारखी जाळी बोटांत धरून बसले. ती चुरून गेली, तरी त्यांना कळले नाही. मग म्हणाले, “लेकराईले शिकवू शिकवू तुमीच शिकाचे राहून गेले, गुरुजी.”

एवढेच.

५ मे, रविवार

जया आता बसूनच असते. उभी राहिली की पायांकडून थरथरते. उजेड मात्र वाढला आहे, डोळ्यांनी पाहवत नाही. वर्ध्याकडच्यांना निरोप गेला की नवरीला कांजण्या आल्या. रंभाबाईंचे काळे दंडापर्यंत चढले आहे, पण त्या म्हणतात, “माह्या हाताचं मंग पाहू, आधी पोरगी.”

संध्याकाळी नत्थूजी वर आले. आज्याच्या वेळची एक गोष्ट त्यांना आठवली होती. चालत्या वरातीत टेंभा कधी विझवत नसत. अपशकुन. तेल सरत आले की त्या टेंभ्यावरची आग दुसऱ्या टेंभ्याने घ्यायची, आणि पहिला मुकाट्याने खाली ठेवायचा. तो मग आपोआप थंडा होतो, त्याची काठी शाबूत राहते. फक्त एक पाळायचे. ज्याने आग घेतली तो पहिल्याच्या जवळ पुन्हा न्यायचा नाही. गरम चिंध्या असतात. नुसत्या शिवल्या तरी पकडतात, आणि मग दोन्ही जातात.

मले ल्हा, असे ते म्हणाले. माह्यं नाव ल्हा आन् वाचा बत्तीपुढं.

मी कोरी चिठ्ठी घेतली. खोटे का लिहू, मी ‘नत्थू’ इथपर्यंत लिहिले. हात इतका हलका झाला होता! मग त्यांच्याकडे पाहिले. ते बायकोच्या हाताला लावायला कसलासा पाला वाटत वाटत आले होते, तो हिरवा रंग त्यांच्या बोटांना होता.

ती चिठ्ठी मी गिळली. उद्या सांगतो म्हणालो.

६ मे, सोमवार. दुपार

नत्थूजी ताराचंदला घेऊन दवाखान्यात गेले आहेत. रंभाबाई मागच्या घरात, जयापाशी. हीच वेळ. ते असते तर त्यांनी मला करू दिले नसते. किंवा दिले असते, आणि ते मला पाहायचे नाही.

भीती वाटते. लहानपणी पट्टीसाठी हात पुढे करताना वाटायची तशी.

बत्ती पेटवली. माझेच नाव घालून वाक्य लिहिले—

जयाची ज्योत शालिकराम गुरुजींनी आपल्यावर घेतली.

दोनदा तपासले. आता वाचतो.

अडीच वाजता

वाचले. काही झाले नाही. बत्ती सूं करते आहे.

खाली धप्प आवाज. रंभाबाई ओरडल्या. जिन्यापाशी जाऊन पाहिले, पुढे गेलो नाही. जया भुईवर पडली आहे, कुशीवर, तोंड उघडे. घोरते आहे. घोरते! खोली काळोखी झाली आहे. रंभाबाई रडत तिच्या पायांवरून हात फिरवताहेत, आणि पाय चटईच्या बाहेर आले आहेत. होते तेवढे लांब.

देवा.

साडेतीन

झोप गेली, भूक गेली. तळपायापासून काहीतरी वर ओढले जाते आहे. दुखत नाही. बत्ती निजवली, तरी खोलीत दिसते आहे. तिला अठरा दिवस लागले. ओले लाकूड धुमसते. माझ्यासारखे वाळलेले—

रंभाबाईंना वरून ओरडून सांगितले, कुणाला वर पाठवू नका. जयाला तर नाहीच. मला कांजण्या आहेत म्हणालो. ऐकले का, कळले नाही. अडसर लावला आहे.

नत्थूजी आले की मला बाहेर न्यायला सांगायचे. दूर. नदीकडे. ते येईपर्यंत—

पाच?

पेन्सिल धरवत नाही. कागद बोटाखाली तपकिरी होतो. भराभर लिहायला हवे, एका जागी थांबले की भोक

ती उठली. खाली आवाज येतो आहे. भाकरी मागितली. हसली. रंभाबाई झोपल्या असाव्यात, थकून, त्यांचा आवाज नाही. नत्थूजी अजून

जिना वाजतो आहे

“गुरुजी, तुमी बी जेवले नाई म्हने. काहून कडी लावून बसले?”

जा म्हटले. आवाज फुटत नाही. नुसते सूं

ती हसते आहे. ताट खाली ठेवल्याचा आवाज. दार ढकलते आहे. “उजेड कायचा येऊन राह्यला गुरुजी फटीतून?”

अडसर लाकडी. मी हाताने लावला होता. जिथे हात लागला तिथे काळा पडून आता पातळ, आता तो

पोरी मागे हो मागे

हात फटीतून आत घालते आहे, बांगड्या

जया नको